विरेशची चटई

ज्या संस्थेची तपासणी करायची, तिथला चहासुद्धा प्यायचा नाही, हा माझा नियम. बँकेत इन्स्पेक्शनला होते तेव्हापासूनचा. शाखेत पाऊल टाकलं की मॅनेजर आधी शिपायाला पिटाळायचा, "मॅडमना गरम भजी आण," आणि मी म्हणायची, "भजी तुम्हीच खा, मला चाव्या द्या." माझ्या पाठीमागं मला काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. म्हणू देत की. भजी खाल्लेल्या तोंडानं दुसऱ्याची चूक दाखवता येत नाही.

रिटायर झाल्यावर पुण्यातल्या एका फाउंडेशननं मला धरलं. ते लोक गावोगावच्या संस्थांना पैसे देतात, आणि देण्याआधी किंवा पुढं चालू ठेवण्याआधी तिथला पैसा नि कारभार सरळ चालतो का ते बघायला माझ्यासारखी एखादी खडूस म्हातारी पाठवतात. तिथली आरोही म्हणून मुलगी आहे, माझ्या लेकीच्या वयाची. ती फोन करते, मी जाते. या वेळी म्हणाली, "महेश्वरीताई, काम तुमच्या सोलापुरातच आहे. प्रवास नाही." मला बरं वाटलं. कशाला वाटलं कुणास ठाऊक.

संस्थेचं नाव भूमीदासोह. दासोह म्हणजे आमच्या लिंगायतांत आल्यागेल्याला जेवू घालणं. उपकार म्हणून नव्हे. आपल्याकडं जे आहे ते वाटून खायचं म्हणून. मोठ्या सरकारी दवाखान्यामागच्या गल्लीत यांचं स्वयंपाकघर. खेड्यातून पेशंट येतो, त्याला खाट मिळते, आणि बरोबरची माणसं जिन्याखाली पथारी टाकून वडापाववर दिवस काढतात. त्यांच्यासाठी इथं पाच रुपयांत ताट: ज्वारीची भाकरी, आमटी, पालेभाजी, शेंगाचटणी. गावी परत जाणाऱ्यांच्या पिशवीत कडक भाकऱ्यांची चळत. ज्वारी मोडनिंबकडच्या शेतकऱ्यांची, जुन्या वाणाची, रासायनिक खत नि फवारणीचा वास न लागलेली. ज्या टेम्पोतून धान्य येतं त्याच टेम्पोतून भाजीची सालं नि देठं शेतात परत जातात. भिंतीवर पाटी आहे: हवं तेवढं मागा, घेतलेलं संपवा.

हे सगळं विरेश नावाच्या मुलानं उभं केलं होतं. संस्थेचा सचिव तो. आणि तो पाच वर्षांपूर्वीच वारला होता. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फाउंडेशनकडं असलेल्या विश्वस्तांच्या यादीत त्याचं नाव जसंच्या तसं होतं. मला कळलं तेव्हा मी नको ते बोलून बसले होते.

पैशाच्या बाजूला तशी भानगड नव्हती. अध्यक्ष शिवलिंगप्पा, विरेशचे वडील. भुसार बाजारात त्यांचं दुकान. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं तोलून-मापून. त्यांच्या पत्नी दानम्मा खजिनदार. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गोजाबाई विश्वस्त, आणि मोडनिंबचे धोंडीराम विश्वस्त. चौघंही साधी माणसं, आणि विचारलं ते समोर ठेवणारी.

मी माझ्या सवयीनं खोड्या काढल्याच. नवरा-बायको दोघांच्याच सह्यांनी बँकेतून पैसे निघतात, हे बरं नाही म्हटलं. धोंडीराम स्वतः विश्वस्त आणि स्वतःच संस्थेला ज्वारी विकतात, हे तर मुळीच बरं नाही म्हटलं.

"मग कुनाला इकू?" धोंडीराम म्हणाले. "बाजारात जादा भाव हाय की. इकू का तितं?"

बघितलं तर खरंच, ते बाजारापेक्षा कमीनं देत होते. चोरी असती तर मला तोंड तरी उघडता आलं असतं. मी चष्मा पुसत बसले.

खरं दुखणं दुसरंच होतं. ताट पाच रुपयांना सुरू झालं ते पाचलाच राहिलं. गॅस वाढला, तेल वाढलं, बायकांचे पगार वाढले, आणि ताट तिथंच. मधलं भगदाड फाउंडेशनच्या पैशानं बुजवायचं, आणि भगदाड दरवर्षी मोठं होत चाललेलं. असंच चाललं तर पुढच्या दिवाळीपर्यंत चूल विझणार, हे शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं. मी विचारलं, ताट दहा का करत नाही? तर गोजाबाई म्हणाल्या, "विरेशदादांनी पाच ठरवलंय." नवे शेतकरी का जोडत नाही? "विरेशनं एवढेच म्हटलेत." शुक्रवारी दवाखान्यात गर्दी असते, त्या दिवशी जास्त का करत नाही? "विरेश म्हणाला होता..."

मला चीड यायला लागली. माझ्या डोळ्यासमोर एक पोरगा उभा राहिला, पुण्या-बंगळूरला एसीत बसलेला, आणि इथं म्हातारे आईबाप नि चार बायका त्याच्या हुकमावर भाकऱ्या थापताहेत.

"हे विरेश महाराज भेटणार कधी?" मी विचारलं.

गोजाबाईंनी दानम्मांकडं बघितलं. दानम्मांनी परातीतल्या पिठाकडं. शिवलिंगप्पा शांतपणे म्हणाले, "सोमवारी मीटिंग हाय की. बसतो तो मीटिंगला."

खोटं ते बोलत नव्हते.

सोमवारी जेवणाची वेळ सरल्यावर मीटिंग. आधी जेवायचं, मग विषय, अशी विरेशनंच पाडलेली रीत. उपाशी माणूस दुसऱ्याच्या भुकेवर नीट बोलत नाही म्हणे. पाच चटया टाकल्या होत्या, पाच ताटं वाढली होती. मी कडेला खुर्चीवर. दानम्मा माझ्यासाठीही ताट घेऊन आल्या.

"मी जेवत नाही तपासणीच्या जागी," मी म्हटलं.

"आमच्याकडनं कुणी उपाशी जात न्हाय अक्का."

"मी जाईन."

त्यांनी ताट परत नेलं. चौघं जेवले. पाचवी चटई रिकामीच. तिच्यापुढं ताट भरलेलं, आणि चटईवर पांढऱ्या कापडाची एक पुरचुंडी. मला वाटलं, महाराजांना उशीर झालाय.

मग शिवलिंगप्पांनी हजेरी घेतली. धोंडीराम. हजर. गोजाबाई. हजर. दानम्मा. हजर. विरेश. जरा थांबले. गोजाबाई म्हणाल्या, "हायत." आणि पुढं चालू!

पहिला विषय ताटाचाच निघाला, माझ्यामुळंच. धोंडीराम म्हणाले, धा करावंच लागतंय. गोजाबाईही म्हणाल्या, "व्हय, धा करा. लोक देत्यात. परवा एकजन म्हनला, बाई, पाच रुपयांत आमाला लाजल्यावानी हुतंय." दानम्मा गप्प. शिवलिंगप्पा डावीकडं त्या रिकाम्या चटईकडं वळले आणि म्हणाले, "विरेश, तुझं काय?"

सगळे थांबले. पंखा तेवढा गरगरत होता. शिवलिंगप्पांनी मान कलती करून ऐकल्यासारखं केलं.

"नको म्हणतोय," ते म्हणाले. "पाचच राहू दे."

माझं डोकं सणकलं. मी खुर्चीतून उठलेच. "अहो अप्पा, ही काय थट्टा लावलीय? तुमच्या मुलाला मीटिंगला यायची फुरसत नाही, आणि त्याच्या नावानं तुम्ही ठराव पाडता? तो जिवंत आहे की मेलाय, तेवढं तरी आम्हाला कळू द्या!"

शिवा शिवा! ते शब्द आजही माझ्या कानात तसेच आहेत.

दानम्मा उठल्या, पाचवं ताट उचललं आणि आतल्या खोलीत गेल्या. शिवलिंगप्पांनी चटईवरची पुरचुंडी हलक्या हातानं उचलून खिशात ठेवली. "मीटिंग झाली," म्हणाले. गोजाबाईंनी माझा दंड धरला आणि मला मागं भांडी घासायच्या मोरीकडं नेलं.

"म्याडम, काय बोललाव तुमी!" त्या माझ्यावर ओरडल्याच. "विरेशदादा न्हाईत आता. करोनाच्या दुसऱ्या लाटंत गेल्यात. दवाखान्यात कुनी पाऊल टाकत न्हवतं तवा ह्ये डबं घिऊन आत जायचे. आमी म्हनायचो, दादा नगा जाऊ. तर म्हनायचे, गोजाक्का, भुकेल्या मानसाला सांगू का, लाट सरल्यावर जेव म्हनून? ताप आला, आन् आठवडाभरात मानूस न्हाई."

मी मोरीच्या कठड्याला धरून उभी राहिले.

"तुमी तर त्यांच्यातल्याच की," गोजाबाई म्हणाल्या. "तुमच्यात मानसाला कसं विभूती-फुलानं बसवून न्हेत्यात, तुमाला काय सांगायचं. दादांना कुनी बसवलं न्हाई. काळ्या पिशवीत घातलं, आडवं न्हेलं. घरच्यांना हात लावू दिला न्हाई. आन् तसंच मशीनीत घालून जाळलं. अप्पा रस्त्यावर हुबं हुते. गाडी गेली तरी हुबंच. गळ्यातलं लिंग तेवढं एका नर्सबाईनं कापडात बांधून आनून दिलं. त्येच असतंय चटईवर."

मी घरी कशी आले मला आठवत नाही. रिक्षानं आले असेन.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, आडवा पुरतही नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात. कपाळभर विभूती लावतात, फुलांनी मढवतात, बसलेलाच नेतात, आणि खड्ड्यात बसलेलाच ठेवतात. जन्मभर गळ्यात असलेलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर देतात, पूजेला बसल्यासारखं. मेला म्हणायचं नाही. लिंगात मिळाला म्हणायचं. माझा नवरा भीमाशंकर जन्मभर पोक काढून बसायचा. "अहो सरळ बसा की," म्हणून मी तोंड वाजवायची. त्या दिवशी त्याला भिंतीला टेकवून बसवला तर कसा ताठ बसला होता! मला रडता रडता त्याचा राग आला होता, आत्ताच बरा बसतोस म्हणून. पण तेवढं बघायला मिळालं म्हणून मी उठून कामाला लागले. शिवलिंगप्पांना ते मिळालं नव्हतं. बसवायचं राहिलेल्या पोराला ते मीटिंगला बसवत होते.

मी दोन दिवस रिपोर्टला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आरोहीचाच फोन आला. मी सगळं सांगितलं. तिनं सगळं टिपून घेतलं. मग म्हणाली, "ताई, सही कुणी खोटी केलीय का?"

"नाही गं. त्याच्या सहीची जागा कोरी आहे. चौघांनी ठराव होतो, त्यांना त्याची गरजच नव्हती."

"तरी मला पैसे सोडता येणार नाहीत. गेलेला माणूस विश्वस्त म्हणून ठेवता येत नाही. धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट दाखल करायला सांगा, मृत्यूचा दाखला लावून. तेवढं झालं की मी बाकीचं बघते. नाही झालं तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. "मी काय करू ताई? माझ्या हातात असतं तर..."

तिचं बरोबर होतं. तेच तर दुखत होतं. तिचं बरोबर, माझं बरोबर, कायद्याचं बरोबर. चूल चालू ठेवायची तर बापानं स्वतःच्या हातानं पोराला मेला म्हणून लिहून द्यायचं. आणि नाही दिलं तर पोरानं जीव टाकून चालवलेली चूल बापाच्या हातून विझायची. आणि हे त्यांना सांगायला कोण जाणार? मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. चुली नुकत्या पेटल्या होत्या. दानम्मा परातीशी बसून भाकरी थापत होत्या, शिवलिंगप्पा जवळच शेंगा निवडत होते. गोजाबाई नि धोंडीराम टेम्पोतून पोती उतरवत होते.

"परवा मी बोलले ते फार वाईट बोलले," मी म्हटलं. "मला माफ करा अप्पा."

"तुमाला कुटं ठाऊक होतं," ते म्हणाले. "बसा."

मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. घोळवत बसले नाही. दाखला, चेंज रिपोर्ट, सही. सही नसेल तर पैसे नाहीत. पैसे नसतील तर हे नाही. त्यांनी ऐकून घेतलं. हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"मी येडा न्हाय अक्का," ते म्हणाले. "पोरगं गेलंय ते मला कळतंय. चटईवर कोण न्हाय तेबी दिसतंय. पण बापाकडं शेवटचं एकच काम असतंय आमच्यात. पोराला बसवायचं. तेवढं माझ्याकडनं झालं न्हाय. त्याला मी आडवा बघितला, पिशवीत. डोळे मिटले की तसाच दिसतोय. मीटिंगला चटईवर बसवला की जरा येळ बसलेला दिसतोय. आता तुमी म्हणताय, उठवा."

मी सुपातल्या दाण्यांतली सालं वेचायला लागले.

"दुकान विकतो," ते म्हणाले. "तुमच्या पैशाशिवाय चालवतो. सही करत न्हाय."

तेव्हा दानम्मा बोलल्या. इतके दिवस मी त्यांचा आवाज नीट ऐकलाच नव्हता.

"त्याचं ताट कुटं जातंय, कधी विचारलंत का?"

शिवलिंगप्पांनी वर बघितलं. "कुटलं ताट?"

"मीटिंगला वाढायला लावता ते. पाच वर्षं मी वाढायला लागलेय. मीटिंग झाली की उचलून आत नेते. कुटं जातंय ते?"

"गाईला घालत असशील..."

"गाईला?" दानम्मांचे हात पिठातच थांबले. "त्यानंच पाटी लावलीय की भिंतीवर, घेतलेलं संपवा म्हणून. त्याच्याच ताटातलं गाईला घालू? मी खाते ते. आत भिंतीकडं तोंड करून बसते नि खाते. माझं पोट भरलेलं असतंय तरी खाते. माझ्या लेकाच्या वाटणीची भाकरी मी गिळते, आणि बाहेर तुमी म्हणता, विरेश नको म्हणतोय!"

"दानू..."

"पहिल्यांदा वाटायचं, जेवला गं पोरगं. नंतर कळायला लागलं, की मीच जेवतेय. आता उतरंना मला ते. घशातच बसतंय. परवा ओकले मी मोरीत. त्याचं अन्न ओकले मी! बास करा आता."

त्यांनी पदर तोंडाला लावला तर पदराला पीठ लागलं. चुलीवरची भाकरी करपायला लागली होती. गोजाबाईंनी धावत येऊन ती काढली.

शिवलिंगप्पांनी सूप बाजूला सारलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला सांगायचं न्हाईस व्हय गं?"

"तुमी त्याचंच ऐकत होता," दानम्मा म्हणाल्या. "माझं कुटं ऐकत होता."

मी आयुष्यात कितीतरी माणसांच्या तोंडावर त्यांची चूक वाचून दाखवली आहे. असा चेहरा मी कुणाचा बघितला नव्हता, आणि पुन्हा बघायचा नाही मला. ते उठले, परातीजवळ जाऊन खाली बसले आणि आपल्या धोतराच्या सोग्यानं बायकोच्या तोंडावरचं पीठ पुसायला लागले.

"आधी त्याला बसवू," ते म्हणाले. "मग सही करतो."

तीन दिवसांनी सोमवार होता. आमच्या रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत, सकाळी आम्ही गेलो. आम्ही म्हणते मी, कारण मलाही बोलावलं होतं आणि मी गेले. स्वामी आले होते. पुरचुंडीपुरता एक लहानसा खड्डा आधीच कुणीतरी खणून ठेवला होता, दोन वितींचा. शिवलिंगप्पा त्याच्याकडं बघत उभे राहिले.

"एवढ्यात कसा बसंल गं तो?" ते दानम्मांना म्हणाले. "उंच होता की. दारातनं येताना वाकायचा."

स्वामी काही सांगायला गेले. समजूत घालायला असणार. पण धोंडीरामांनी टोपी काढून कडेला ठेवली आणि फावडं उचललं. "मग बसंल असाच काडू की," ते म्हणाले.

आणि खणलं त्यांनी. सत्तरीचा माणूस, पण शेतकऱ्याचा हात. गोजाबाई घमेल्यानं माती काढत होत्या. ऊन चढलं, कुणी थांबा म्हणालं नाही. पुरा माणूस मांडी घालून बसेल एवढा खड्डा झाला, आत पाठ टेकायला कोनाडाही काढला. मग शिवलिंगप्पा स्वतः आत उतरले. मी नको म्हणणार होते, या वयात. म्हटलं नाही. पुरचुंडी सोडून ते लिंग त्यांनी कोनाड्यात ठेवलं, कुठंही नव्हे, बसलेल्या माणसाचा डावा तळहात जिथं येईल तिथं. अंदाज घेत घेत, वर-खाली करून. विभूती लावली ती हवेतच लावली, कपाळाच्या उंचीवर. भस्म कोनाड्याच्या मातीला लागलं.

"ताठ बस हां बाळा," ते म्हणाले.

माझा बांध फुटला. मी तिथं पाहुणी, तपासणीला आलेली बाई, आणि सगळ्यांत मोठ्यांदा मीच रडले. दानम्मांनी मला जवळ घेतलं. खरं तर मी त्यांना घ्यायला हवं होतं.

परत आल्यावर दानम्मांनी ताटं वाढली. मीही जेवले. ज्वारीची गरम भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, आमटी. एक कण ताटात टाकला नाही. जाताना डब्यात पाच रुपये टाकले, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की मूल्यमापन करणाऱ्या व्यक्तीनं संस्थेत भोजन केलं आहे, तरी याची नोंद घ्यावी. आरोहीनं ते वाक्य काढू का म्हणून विचारलं. काढू नकोस म्हटलं.

दाखला शिवलिंगप्पांनी स्वतः महापालिकेत जाऊन आणला. सही केली आणि पेन मला परत दिलं. चेंज रिपोर्ट दाखल झाला, त्याची पोच मी पुण्याला पाठवली. राहिली होती फक्त एक मीटिंग, ज्यात विरेशची जागा रिकामी झाल्याचं नोंदवायचं आणि ताटाच्या दराचा ठराव पुन्हा घ्यायचा. आरोहीनं सांगितलं होतं की ती मी डोळ्यांनी बघावी.

मी गेले. चारच चटया टाकल्या होत्या. चारच ताटं वाढली. दानम्मांनी ती दोनदा मोजली, मी बघितलं. जेवण झालं. शिवलिंगप्पांनी हजेरी घेतली. धोंडीराम, गोजाबाई, दानम्मा. तिथं थांबले आणि मिटल्या तोंडानं मान हलवली.

ताटाचा विषय निघाला. धोंडीराम म्हणाले, धा. गोजाबाई म्हणाल्या, धा. दानम्माही या वेळी म्हणाल्या, "धा करा." आणि शिवलिंगप्पा सवयीनं डावीकडं वळले. तिथं नुसती फरशी होती, चटईच्या जागी थोडी उजळ. "विरेश," त्यांच्या तोंडून गेलं, "तुझं काय?"

ते मान कलती करून ऐकत राहिले. मागच्या मीटिंगपेक्षा जास्त वेळ. मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता म्हणतील नको म्हणतोय, आणि मी ते लिहून घेणार नाही, माझं हे काम गेलं तरी बेहत्तर.

त्यांनी मान सरळ केली. दानम्मांकडं बघितलं, हरवलेलं पोर बघतं तसं.

"काय बोलंना गं तो," ते म्हणाले.

"न्हाय बोलायचा आता," दानम्मा म्हणाल्या. "तुमी बोला."

शिवलिंगप्पांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग म्हणाले, "धा करा." आणि हात वर केला. मतासाठी वर केलेला तो हात खाली घ्यायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. शेवटी दानम्मांनी तो धरून खाली आणला, आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.